उतरवून दिलेलं वाद्य

दयाआण्णांना चहा कसा झालाय असं विचारलं, तर कप रिकामा होईपर्यंत ते उत्तर देत नसत. शेवटचा घोट घेऊन, कप बशीत ठेवून मग म्हणत, "बरा झालाय. आलं जरा कमी." तोवर विचारणाऱ्या शांताबाई, त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरात परत गेलेल्या असत.

मताच्या बाबतीत ते सगळीकडे असेच होते. सीमाभागात मतांचा तुटवडा नाही. पानाच्या गादीवर उभं राहिलं तर विडा लागेपर्यंत चार मिळतात. मी बातमीदार, लोकांची मतं संध्याकाळी सहाच्या आत गोळा करणं हा माझा धंदा. या माणसाकडून मात्र सहाच्या आत कधी काही मिळालं नाही. नाट्यगृहाच्या नव्या ध्वनियंत्रणेबद्दल विचारलं, तर म्हणाले, "अजून तिथं बसलो न्हाय. बसून सांगतो." त्यांनी सांगितलं तेव्हा ती यंत्रणा बदलायचा ठराव झाला होता.

आण्णा मूळचे निपाणीचे. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला आणि संध्याकाळी जलशात. आण्णा शिकले, टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ झाले, बेळगावात आले आणि खडेबाजारच्या मागच्या गल्लीत त्यांनी घर केलं. दिवसा एक्स्चेंज, संध्याकाळी कीबोर्ड. गणपतीत मराठी गाणी, नोव्हेंबरात राज्योत्सवाची कन्नड, एप्रिलमध्ये भीमगीतं आणि लग्नसराईत लोक मागतील ते. स्टेजवर ते प्रेक्षकांकडे बघत नसत. गायकाच्या गळ्याकडे बघत. "श्वास कुठं घेणार ते गळ्यावर आधी दिसतंय," म्हणत.

निवृत्तीनंतर वर्षभरात बेंगळुरूच्या लेकीने त्यांना एक सिंथेसायझर पाठवला. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात एक बटण दाबलं की बासरी आणि दुसरं दाबलं की सतार वाजते, तसला हा कीबोर्ड नव्हता. तयार आवाज यातही होते, पण ते यंत्र होतं आवाज घडवण्यासाठी. एक कंप उभा करायचा, दुसऱ्या कंपाने त्याला हलवायचं, तिसऱ्याने त्या दोघांना. बोटभर पडदा, त्यात पानामागे पान उघडत जाणार, आणि समोर इतक्या खुंट्या की पहिल्यांदा बघणाऱ्याचा हात आपोआप मागे जाई.

माहितीपुस्तक इंग्रजीत होतं आणि छापील नव्हतं. आण्णांनी ते छापून घेतलं, बाइंडिंगवाल्याकडून शिवून आणलं आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. यंत्र चादरीखाली. वाचलेलं मराठीत एका लांब वहीत उतरवत होते. काही शब्दांना मराठी सापडेना तेव्हा त्यांनी स्वतःचे केले. आवाज गाळून घेणाऱ्या भागाला 'चाळणी', सुरुवातीला 'उठाव', आवाजाला सावकाश हेलकावे देणाऱ्या भागाला 'पाळणा'. कोणता कंप कोणत्या कंपाला हलवतो याच्या जाळ्याला 'कोण कुणाला' असं नाव होतं. एक प्रकरण वाचून, लिहून झालं की चादर काढायची, तेवढंच करून बघायचं, परत चादर. पुढचं पान आधी उघडायचं नाही.

"आण्णा, निदान चांगलं आहे की वाईट, एवढं तरी?" मी विचारलं होतं.

"पेपरवाले, अजून निम्मं बी झालं न्हाय. निम्म्यात मत दिलं तर ते निम्म्याचंच होतंय."

ते मला कधी नावाने हाक मारत नसत.

त्यांची दुसरी रीत गावातल्या सगळ्या वाजवणाऱ्यांना माहीत होती. घरात दोन तानपुरे, एक पेटी, एक तबलाजोडी असे. कुणी मागितलं की मिळे. त्यांनी कधी नाही म्हटल्याचं मी ऐकलं नाही. अट एकच. वाद्य परत आणताना उतरवून आणायचं. तानपुऱ्याच्या तारा सैल केलेल्या, पेटीचे खटके आत, भाता मिटलेला. "दुसऱ्याच्या घरात आपला सूर ठेवून यायचा न्हाय," असं ते म्हणत.

उचगावचे बाळूबुवा भजनात पेटी वाजवत आणि सप्ताहाला आण्णांचा तानपुरा नेत. एकदा त्यांनी तो चढलेला तसाच परत आणला. आण्णांच्या घरी त्या दिवशी तालीम होती, आठदहा माणसं बसलेली. आण्णांनी दारातच तारेवर बोट फिरवलं आणि तानपुरा बुवांच्या हातात परत दिला.

"बुवा, उतरवून आणा."

"इथंच उतरवतो की, आण्णा. दोन मिनटाचं काम हाय."

"इथं न्हाय. जिथं चढवलासा तिथं."

बुवा उचगावला गेले आणि संध्याकाळच्या बसने परत आले. नंतर वीस वर्षं त्यांनी ही गोष्ट स्वतःच सगळ्यांना सांगितली. त्यात राग नव्हता. शाळेतल्या मास्तराने दिलेली छडी सांगावी तसं ते सांगत.

सिंथेसायझर येऊन तीन वर्षं झाली तेव्हा मी रविवारच्या पुरवणीसाठी एक अर्ध्या पानाचा मजकूर ठरवला. असलं यंत्र गावात एकच होतं आणि त्यावर मतं मात्र सगळ्यांची होती, बहुतेकांची न वाजवता. आण्णांकडे गेलो, फोन मधे ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं. अर्धा तास ते चाळणी आणि पाळण्याबद्दल बोलले. मग थांबले आणि म्हणाले, "एक ऐकायचं असलं तर ऐका. मत म्हणून न्हवं."

ते नेहमी कानाला हेडफोन लावून काम करत, घरात कुणाला त्रास नको म्हणून. त्या दुपारी त्यांनी हेडफोनची वायर काढली आणि एक सूर धरला.

मी संगीतातला माणूस नाही. मला ऐकू आलं ते सांगतो. जुनी पेटी होती. पेटीसारखा आवाज नव्हे. खोलीत कुणी पेटी आणून ठेवली आहे असं वाटलं. भाता भरताना सूर किंचित फुगत होता. मधल्या एका सुरावर, आण्णा त्याला पंचम म्हणाले, बारीक फडफड होती, खिडकीतला कागद हलावा तशी.

"बाबांची पेटी," आण्णा म्हणाले. "जलशात हीच होती. मी वाजवायचो, आक्का गायची. निपाणीत आक्काचा आवाज म्हणजे, लोकं वखारीतनं सुटल्यावर घरला न जाता तिथं यायची."

"पेटी कुठं आहे आता?"

"मी दिली. विशीत होतो. ऑर्केस्ट्रावाले म्हणाले, कीबोर्ड असंल तर ये. खडेबाजारात एक दुकान होतं, पेटी घेऊन बदल्यात कीबोर्ड द्यायचं. दिली. बाबा गेलतेच तवा. आक्काला विचारलं न्हाय." ते थोडा वेळ खुंटीशी खेळत राहिले. "महिन्यानं गेलतो परत मागायला. त्यानं पेटी उकललेली. आतले सूर काढून दुसऱ्या पेट्यांत घातलेले."

"आणि आक्का?"

"भांडली न्हाय. बोलली बी न्हाय. नुसती गायची थांबली. मी कीबोर्ड घेऊन गेलतो तिच्याकडं, एकदा न्हाय, लई वेळा. म्हणायची, तू वाजीव, मी ऐकते."

तीन वर्षांचं काम हे होतं. कानात राहिलेल्या आठवणीवरून त्यांनी ती पेटी यंत्रात उभी केली होती. भाता सोडताना शेवटी जो उसासा येई तेवढा राहिला होता. तो जमला की यंत्र निपाणीला न्यायचं आणि आक्कांना गायला बसवायचं. अर्धवट न्यायचं नाही. आक्का तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होत्या. विड्या वळणं सुटलेलं, घरात एकट्या.

"हे लिहू नका," आण्णा म्हणाले. मी लिहिलं नाही.

जाताना मी यंत्र चार दिवसांसाठी मागितलं. बाकीच्या वाजवणाऱ्यांनी ते हाताळावं आणि मग मत द्यावं, अशी माझी कल्पना होती.

"फिरवू नका ते. आत काम चालू हाय."

"आण्णा, न वाजवता दिलेलं मत मी छापायचं का? तुम्हीच सांगा."

मी हे वाक्य विचार करून वापरलं होतं. या माणसाला दुसऱ्या कशाने हलवता येणार नाही हे मला माहीत होतं. आण्णांनी उठून चादर आणली आणि यंत्र गुंडाळायला घेतलं. "आहे ते हलवू नका म्हणावं," एवढंच म्हणाले.

यंत्र माझ्या गाडीतून फिरलं. पिरनवाडीचा सुरेश ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. त्याने अर्धा दिवस ठेवून घेतलं आणि सांगितलं, "मशीन लई भारी हाय, आमच्या कामाचं न्हाय. गायिका माइकवर येऊन उभी ऱ्हायलीय आणि मी एक आवाज हुडकायला ह्या पानातनं त्या पानात. तालुका कचेरीत फिरल्यागत. शेवटच्या खिडकीवर गेल्यावर म्हणतंय, पहिल्या खिडकीवर जा."

स्टुडिओवाले शिवानंद कन्नड आणि मराठी भक्तिगीतं ध्वनिमुद्रित करतात. त्यांनी एकच आवाज तासभर ऐकला. "चलो ऐती," म्हणाले, म्हणजे चांगलं आहे. मग मराठीत, "खरं सांगू काय, असला आवाज माझ्या कॉम्प्युटरमधी न्हाय. पण आवाज कोण ऐकतंय आता? गाणं फोनवर ऐकत्यात. फोनला कशाला एवढं खोल?"

दोघांनी आण्णांचा निरोप पाळला. आतलं काही हलवलं नाही.

तिसरे बाळूबुवा. त्यांनी यंत्र चौरंगावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला आणि पहिला दिवस चालूच केलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन तास वाजवलं. त्यांचं मत मी शब्दशः घेतलं. "ह्याला भाता न्हाय. माझा डावा हात दिवसभर रिकामा बसला, आन् रिकाम्या हातानं मला भजन सुचत न्हाय. यंत्राचा दोष न्हाय. दोष हाताचा हाय." त्या पानावरचं सगळ्यात चांगलं मत हेच होतं. आण्णांच्या नावाखाली मी छापलं, 'वाचन चालू आहे.'

निरोप मी बुवांनाही दिला होता. आहे ते हलवू नका. बुवांनी मान हलवली होती. त्यांनी त्याचा अर्थ खुंट्यांना हात लावू नका असा घेतला, हे मला नंतर कळलं.

यंत्र परत द्यायला बुवा स्वतः माझ्याबरोबर आले. आण्णांच्या बैठकीत त्यांनी ते चटईवर ठेवलं आणि चादरीची घडी करून बाजूला ठेवली.

"आण्णा, पूर्ण उतरवून आणलंय. बघून घ्या."

आण्णांनी वर पाहिलं. "उतरवून?"

"व्हय. मला त्यातलं कळतंय व्हय? सुरेशला फोन लावला. म्हटलं, आण्णांना उतरवून द्यायचंय, कारखान्यातनं आलं तसं करायचं कसं? त्यानं सांगितलं, हे दाब, मग ते दाब. यंत्र तीनदा विचारालतं, नक्की का म्हणून. मी तिन्हीदा व्हय म्हटलं."

आण्णांनी यंत्र चालू केलं. दोन पानं उलटली, तिसरं उलटलं. एक पट्टी दाबली. झगझगीत, स्वच्छ, कुठल्याही देशातला असावा असा आवाज आला. त्यांनी बोट उचललं.

"बरं केलासा, बुवा," ते म्हणाले. "शांता, बुवांना चहा टाक."

बुवा चहा पिऊन, सप्ताहाचं आमंत्रण देऊन समाधानाने गेले. आण्णा त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर मी विचारलं, प्रत काढून ठेवलेली असेल ना? माहितीपुस्तकाच्या निम्म्याच्या पुढे एक खूण होती. त्यांनी तिथे बोट ठेवलं आणि पुढची पानं चाळली. आतले आवाज बाहेर काढून सांभाळून ठेवण्याचं प्रकरण शेवटून दुसरं होतं.

"अजून तिथं पोचलो न्हवतो," ते म्हणाले.

वहीत प्रत्येक खुंटीचा अर्थ होता, आकडे नव्हते. आकडे कानाने लावले होते.

"बुवाला सांगायचं न्हाय," ते म्हणाले. "सुरेशला बी न्हाय. बुवानं काय चुकवलं? मी शिकवलं तेच केलं की त्यानं."

पुढच्या आठवड्यात ते आमच्या कार्यालयात आले. पूर्वी कधी आले नव्हते. खुर्चीवर बसले नाहीत. "त्या दिवशी तुमचा फोन चालू होता न्हवं? मी वाजवलं तवा?"

होता. मजकूर छापून आला की मी रेकॉर्डिंग पुसून टाकत असे. कार्यालयाचा तसा नियम नव्हता, माझी सवय होती. लोकांनी विश्वासाने बोललेलं फोनमध्ये पडून राहू नये, म्हणून. ते रेकॉर्डिंग मी सोमवारी सकाळी पुसलं होतं. आण्णा गुरुवारी आले. मी फोन दोन दुकानांत दाखवला. काही निघालं नाही.

"असू दे," ते म्हणाले. "तुमचं बी बरोबरच हाय."

त्यांनी रागावायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

ते पुन्हा कामाला लागले. पहिल्या वेळी तीन वर्षं लागली होती, आता हात आधीसारखा स्थिर नव्हता आणि कानही, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, "वरच्या मजल्यावर जात न्हाईत." मधेच एखाद्या दुपारी त्यांचा फोन येई. "तुम्ही ऐकलासा न्हवं, पंचमाची फडफड जरा जलद होती का सावकाश?" मी आठवायचा प्रयत्न करी. मी सांगे ते खरं की त्यांना बरं वाटावं म्हणून, हे मलाच कळेनासं झालं. एकदा मी सावकाश म्हणालो, दुसऱ्या वेळी जलद. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

आठ महिन्यांनी आण्णा गेले. हृदयविकार, झोपेत. शोकसभेत बाळूबुवा बोलायला उभे राहिले आणि त्यांनी तानपुऱ्याची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाले, "त्या दिवसापासनं आण्णांचं एक बी वाद्य मी चढलेलं परत दिलं न्हाय. ते शेवटचं यंत्रसुद्धा उतरवून दिलं." शांताबाई पुढच्या रांगेत होत्या. त्यांनी मान हलवली. मी मागे उभा होतो. बुवा यंदा गेले, म्हणून हे लिहिता येतं.

आण्णांबरोबर माझा शेवटचा दिवस निपाणीत गेला, ते जाण्याच्या महिनाभर आधी. सकाळी फोन आला, गाडी आहे का म्हणून. यंत्र मागच्या सीटवर घालून आम्ही निघालो. पेटी अजून उभी राहिली नव्हती हे त्यांनीच सांगितलं. अर्धवट न्यायचं नाही, हा त्यांचा नियम होता; तो का मोडला हे मी विचारलं नाही.

आक्का दारातच होत्या. ठेंगण्या, नऊवारीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"दया, हे काय आणलास रं? इस्त्रीचं टेबल हाय काय?"

"बाबांची पेटी हाय."

"बाबांची पेटी तू इकलास," आक्का सरळ म्हणाल्या आणि आत जाऊन चटई टाकली.

आण्णांनी वाजवलं. आक्कांनी डोळे मिटून ऐकलं. "न्हाय. हिला दमा लागलाय."

त्यांनी खुंटी फिरवली. "आता?"

"आता सर्दी."

तासभर हे चाललं. आण्णा पडद्यात डोकं घालून बसलेले, आक्का भिंतीला टेकून. "आता जरा हाय," त्या म्हणाल्या.

"जरा म्हणजे कुठं? उठाव का शेवट?"

"जरा म्हणजे जरा. तुझ्यागत पुस्तक वाचून सांगू व्हय मी?"

हळूहळू आण्णांचा हात दमत गेला. नेमक्या ठिकाणी खुंटी थांबेना; पुढे जाई, मग मागे आणावी लागे. आक्कांनी डोळे उघडले होते. त्या आता यंत्राकडे बघत नव्हत्या, त्या हाताकडे बघत होत्या.

"हां," त्या म्हणाल्या. "हेच. हेच हाय रं."

"आक्का, पंचमात फडफड होती बघ."

"हाय की. ऐकू यायलीय मला."

फडफड नव्हती. मी पहिला आवाज ऐकला होता. आण्णांनी तर तो केला होता. ते बहिणीकडे बघत राहिले. मग त्यांनी डाव्या हाताने सूर धरला आणि आक्का गायला लागल्या. वडिलांच्या जलशातलं गाणं होतं. आवाज थकलेला होता, वरची जागा गळ्यात यायची नाही, तिथे त्या नुसत्या बोलून पुढे जात. आण्णा त्यांच्या गळ्याकडे बघून थांबत होते. चार कडवी झाली. बाहेर शेजारच्या दोन बायका येऊन उंबऱ्याशी बसल्या होत्या.

गाणं संपल्यावर आक्का पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "परत येशील तवा हेच लाव. दुसरं काय करत बसू नको त्यात."

"व्हय, आक्का."

लावलेला आवाज यंत्रात ठेवायचा तर एक बटण दाबावं लागतं; नाही तर यंत्र बंद केलं की तो जातो. पडद्याच्या उजव्या अंगाला असतं ते. आण्णांचं बोट तिथपर्यंत गेलं, क्षणभर तिथे थांबलं आणि परत आलं. त्यांनी यंत्र तसंच बंद केलं, भिंतीतली पिन काढली आणि वायर कोपरावरून गुंडाळायला लागले.